पिंक फ्लॉइडच्या गाण्यांतल्या खऱ्या जागा: कुणी प्रत्यक्ष पाहिल्यात का?

सुहास_सातारा

नमस्कार मंडळी,

मुलगी बर्मिंगहॅमला एमएस्सी करते आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि सौ. तिच्याकडे जातोय. तिच्या परीक्षेचे चार दिवस आम्ही दोघंच मोकळे असू, आणि ते चार दिवस माझे, असं घरात ठरलंय. मला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या गाण्यांतल्या जागा बघायच्या आहेत.

१९८८ साली सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर माझा रूम पार्टनर म्हापशाचा होता. त्याच्या थोरल्या भावाने रेकॉर्डवरून भरून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट तो घेऊन आला. त्यात 'ग्रँचेस्टर मेडोज' होतं. पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री लाइट गेलेले, टू-इन-वन सेलवर चाललेला. गिटार, एक हळू आवाज, आणि मागे पाखरू सारखं बोलतंय. शेवटी एक माशी घोंघावत या स्पीकरमधून त्या स्पीकरमध्ये जाते, कुणीतरी पावलं वाजवत येतं आणि फटका मारून तिला गप्प करतं. आम्ही तिघं जण अंधारात ती माशी आमच्या खोलीत शोधत होतो.

पुढे त्यांचं सगळं ऐकलं, पण तो नदीकाठ खरा असेल असं मनात आलं नाही. हे लोक अंतराळातले, असंच डोक्यात बसलेलं. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर कितीतरी महिने मी रोज रात्री त्यांचं 'हाय होप्स' हे गाणं लावायचो. त्यात 'लाँग रोड' येतो, 'कॉजवे' येतो. एका रात्री नकाशा उघडून बसलो, तर केंब्रिजमध्ये लाँग रोड खरोखरच आहे. तेव्हापासून चैन नाही.

स्टुडिओच्या दारात फोटो काढण्यात मला रस नाही. गाण्यातलं ऊन जिथे पडतं ती जमीन बघायची आहे. काय उरलंय, काय नुसतं सांगोवांगी आहे, आणि सौ.च्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, तर किती चालावं लागेल, हे जाणकारांनी सांगावं.

फेनवाली

सुहासकाका, आधी गुडघ्यांचं सांगते: इथे चढ नावाची गोष्टच नाही. मी केंब्रिजच्या उत्तरेला एका खेड्यात बारा वर्षं राहतेय, शहरातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते आणि ऊन असो, पाऊस असो, सायकलने जाते. तुम्ही विचारलेल्या बऱ्याच जागा माझ्या रोजच्या वाटेवरच्या आहेत.

केंब्रिजला उतरलात की न्यूनहॅम भागात जा. तिथे 'ग्रँचेस्टर मेडोज' याच नावाची एक गल्ली आहे, विटांच्या घरांची, अगदी साधी. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर, त्याचे आईवडील या गल्लीत राहायचे. गल्ली संपते तिथे फाटक, आणि फाटकापलीकडे ते गवताचं मैदान. नदीच्या कडेकडेने ग्रँचेस्टर गाव साधारण दोन-अडीच किलोमीटरवर आहे. दोन वाटा आहेत. वरची पक्की, खालची पाण्याला लागून आणि चिखलाची. काकूंना घेऊन वरच्या वाटेने जा, येताना तुम्ही एकटे खालून या. उन्हाळ्यात गाई मोकळ्या चरत असतात आणि वाटेतच बसतात. त्यांना उठवू नका, वळसा घाला. मे अखेरीला सगळ्या कुरणावर पिवळी बटरकपची फुलं असतात. शेंडे छाटलेले विलो पाण्यावर ओणवे झालेले, आणि नदी इतकी सावकाश की पानाकडे टक लावून पाहिल्याशिवाय ती कुठल्या बाजूला वाहते ते कळत नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात हे सगळं कुरण पाण्याखाली होतं, मी हट्टाने गेले आणि बूट भरून परत आले. मेमध्ये ती भीती नाही.

तुमच्या कॅसेटमधलं पाखरू म्हणजे चंडोल. माझं माहेर बारामतीजवळचं, जिरायती पट्ट्यातलं. आमच्या माळावर चंडोल जमिनीवरून सरळ वर चढत जायचा, दिसेनासा व्हायचा, आणि आवाज मात्र डोक्यावर लटकत राहायचा. मग अचानक गप्प होऊन दगडासारखा खाली. इथला चंडोल जातीने वेगळा, पण वागणं तेच. मला तो नदीकाठी नाही भेटला. गावाच्या वरच्या अंगाला गव्हाची शेतं आहेत, तिथे सकाळी किंवा ऊन कलल्यावर उभं राहावं लागतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सायकल आडवी टाकून बांधावर बसले. इथे आल्याला आठ महिने झाले होते, आणि त्या आवाजात मला एकदम घरचा माळ दिसला.

हे गाणं बँडमधल्या रॉजर वॉटर्सचं, १९६९ च्या 'अमागमा' या अल्बममधलं. वॉटर्स जन्मला सरी परगण्यात, पण वाढला इथे. बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट आणि गिल्मोर १९४६ साली इथेच जन्मले. वॉटर्स आणि बॅरेट हिल्स रोडवरच्या एका शाळेत, गिल्मोर त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेत. आणि लाँग रोड या हिल्स रोडलाच येऊन मिळतो. तुम्ही नकाशात शोधलात तो हाच. मी त्यावरून आठवड्यातून पाच वेळा जाते. बस, शाळेची पोरं, रेल्वेवरचा पूल, एका अंगाला रुग्णालयाचा पसारा. पाटी बिटी काही नाही. कॉजवे म्हणजे न्यूनहॅमजवळचा फेन कॉजवे, असं इकडचे लोक मानतात.

एक गोष्ट मला इथे राहिल्यावर ऐकू यायला लागली. 'ग्रँचेस्टर मेडोज'च्या शेवटी माशी आहे. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, गिल्मोरने 'फॅट ओल्ड सन' केलं. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी चर्चच्या घंटा आहेत. आणि १९९४ साली 'हाय होप्स' सुरू होतं ते घंटा, पाखरं आणि किड्याची गुणगुण घेऊनच. चोवीस वर्षं जगभर हिंडून माणूस त्याच कुरणाच्या फाटकाशी येऊन उभा राहिलाय. लोक यांना अंतराळातला बँड म्हणतात ते मला पटत नाही. ही या सपाट जमिनीची माणसं आहेत. इथे नजर कशालाच अडत नाही, सूर्य मावळायला तासन्‌तास घेतो (तुम्ही याल तेव्हा नऊनंतर), आणि गिल्मोर एक सूर धरून ठेवतो तो किती वेळ धरतो, ते या जमिनीवर संध्याकाळी उभं राहिल्यावर कळतं.

म्हणून ईलीला जाच. केंब्रिजहून रेल्वेने पाव तास. 'हाय होप्स' ज्यात आहे त्या 'द डिव्हिजन बेल' अल्बमच्या कव्हरवरची दोन प्रचंड डोकी ईलीजवळ स्टंटनी गावाच्या शेतात उभी केली होती. दोन्हींच्या मधोमध लांबवर दिसतं ते ईलीचं कॅथेड्रल. डोकी आता तिथे नाहीत आणि शेत खाजगी आहे, आत शिरू नका. पण स्टंटनीच्या रस्त्यावरून कॅथेड्रल तसंच दिसतं. या भागाला फेन्स म्हणतात. पूर्वी सगळी दलदल होती, सतराव्या शतकात चर खणून पाणी काढलं. पाणी गेलं तशी माती आटत, खचत गेली, म्हणून आता शेतं खाली आणि नदी बांधांच्या मधून वर वाहते. माती आपल्या काळ्या रानासारखी दिसते, पण मुठीत घेतली की चिकटत नाही, कोळशाच्या भुकटीसारखी हलकी लागते. कोरड्या वसंतात वारा सुटला की ती उडते आणि दोरीवरचे कपडे काळे करते. त्या काळ्या पाटीवर ते कॅथेड्रल जहाजासारखं उभं. जुने लोक त्याला फेन्सचं जहाजच म्हणतात.

सिड बॅरेटच्या घराचं: तो २००६ मध्ये गेला. बँड सोडल्यावर शेवटची कितीतरी वर्षं तो केंब्रिजमध्येच चित्रं काढत, बाग करत, सायकलवर फिरत राहिला. लोक तेव्हाही त्याच्या दारावर जाऊन उभे राहायचे आणि त्याला त्याचा त्रास व्हायचा. कृपा करून घर शोधू नका. शहरात कॉर्न एक्स्चेंज नावाचं सभागृह आहे, तिथे २०१६ मध्ये त्याच्या स्मरणार्थ सायकलच्या चाकांची एक कलाकृती लावली आहे. ती बघा.

चेंबूरची_मीनल

फेनताईंचा प्रतिसाद सुंदर, पण गवत आणि घंटा म्हणजेच पिंक फ्लॉइड, एवढं मी मानणार नाही. माझ्यासाठी त्यांची जागा म्हणजे लंडनमधलं बॅटरसीचं वीजघर. मी चेंबूरला ट्रॉम्बेच्या चिमण्या बघत वाढले. 'अ‍ॅनिमल्स'चं कव्हर पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला ती जागा परकी वाटलीच नाही. ते आभाळ, तो धूर, ती विटांची भिंत, आणि मधे तो डुक्कर. १९७६ च्या डिसेंबरमध्ये बारा मीटर लांबीचा फुगा चिमण्यांमध्ये बांधला होता. तो सुटला तर गोळी घालून पाडायला एक नेमबाज ठेवला होता, पण दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं राहून गेलं, आणि नेमका त्याच दिवशी दोर तुटला. डुक्कर हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेला आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरला.

वीजघर १९८३ मध्ये बंद पडलं. २०२२ पासून तिथे दुकानं, ऑफिसं, घरं. चारही चिमण्या पाडून पुन्हा तशाच बांधल्यात. एका चिमणीतून काचेच्या लिफ्टने १०९ मीटरवर नेतात. मी वर गेले होते, पण खरं सांगायचं तर लिफ्टमधून चिमणीच दिसत नाही. चेल्सी ब्रिजवरून, ढगाळ संध्याकाळी बघा. सुहासराव, एक दुपार लंडनला द्या.

बोटीवरचा_गुहागरकर

मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये सव्वीस वर्षं काढली. नेपल्सला जहाज चार दिवस थांबलं तेव्हा पॉम्पेईला गेलो होतो. नेपल्सहून लोकल गाडी आहे, तासाच्या आत पोचवते. ॲम्फिथिएटर उत्खननाच्या पार पूर्वेच्या टोकाला आहे, त्यामुळे बहुतेक टुरिस्ट तिथवर येईपर्यंत दमून माघारी फिरतात.

ऑक्टोबर १९७१ मध्ये या लोकांनी तिथे प्रेक्षक न बोलावता, नुसत्या दगडांसमोर वाजवलं. आमच्या लाइनीतल्या माणसाला आवडेल असा किस्सा म्हणजे, सगळं सामान आणून लावलं आणि कळलं की पुरेशी वीजच नाही. मग गावातून केबल ओढत आणली. जागा इसवी सनापूर्वी ७० च्या आसपासची. वीस हजार माणसं बसतील एवढी. मी मधोमध उभा राहून एकदा टाळी वाजवली. आवाज वर चढला, गवतात गेला आणि संपला. मला वाटलं होतं घुमेल. त्यांचं 'एकोज' हे गाणं तेवीस मिनिटांचं आहे आणि त्यातले ते लांब थेंबासारखे सूर मी रात्रपाळीत शेकडो वेळा ऐकलेत. त्या दिवशी दुपारी ऊन इतकं होतं की दगडाला हात लावला तर पोळत होता, आणि मला कानात काही लावावंसं वाटलं नाही.

२०१६ मध्ये गिल्मोर पुन्हा तिथे वाजवून आला, या वेळी लोकांसमोर.

सुहास_सातारा

फेनवाली ताई, तुमचा प्रतिसाद सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. तिने 'नदी वरून आणि शेत खालून' हे दोनदा वाचायला लावलं. ईली पक्कं. मीनलताई, बॅटरसी येताना धरतो. गुहागरकर, पॉम्पेईला वेगळा व्हिसा लागेल, या खेपेला जमणार नाही.

माणगावकर_मास्तर

सुहासराव, तुम्ही इटलीला जाणार नाही हे वाचलं, तरी लिहितो.

रॉजर वॉटर्सचे वडील, एरिक फ्लेचर वॉटर्स, १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. हे वडील पेशाने शिक्षक. आधी शस्त्र हाती घेणार नाही म्हणून त्यांनी नकार दिला होता आणि लंडनवर बाँब पडत असताना अ‍ॅम्ब्युलन्स चालवली. नंतर मन बदललं आणि सैन्यात गेले. मृतदेह मिळाला नाही. 'द वॉल' या त्यांच्या अल्बममधला बाप म्हणजे हेच. त्यांचं नाव इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर आहे.

त्याच स्मारकावर आमच्या माणगाव तालुक्याच्या नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव आहे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. तुकडीतले जवळजवळ सगळे पडल्यावर हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा मशीनगनवर धावून गेला. हातबाँब टाकून मशीनगन गप्प केली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचाही मृतदेह मिळाला नाही. माणगावला त्यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून मी तीस वर्षं शाळेत गेलो.

निवृत्तीनंतर मुलाने युरोप दाखवला, तेव्हा रोमहून मुद्दाम कसिनोला गेलो. गेलो ते घाडगेंसाठी. ज्यांची थडगी नाहीत अशी चार हजारांहून जास्त नावं आहेत तिथे, पलटणीनुसार कोरलेली. आमचं नाव सापडायला बराच वेळ लागला. मी पायताण काढून उभा राहिलो. तेवढ्यात मुलगा दुसऱ्या बाजूने हाक मारायला लागला, "बाबा, इकडे या, रॉजर वॉटर्सचे वडील." त्याच्या खोलीतून येणारं हे संगीत मी वर्षानुवर्षं 'आवाज कमी कर' म्हणून बंद करायला लावलं होतं. परतीच्या गाडीत त्याने मला एक कानातलं दिलं आणि आम्ही दोघांनी एका वायरवर बापाच्या मरणाचं ते गाणं ऐकलं. शब्द सगळे समजले नाहीत, मुलाने मग सांगितले.

फेनवाली

मास्तर, हे वाचून मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन बसले. नमस्कार.

वॉटर्सची आई लहानग्यांना घेऊन केंब्रिजला आली ती नवऱ्याच्या मरणानंतरच, आणि तीही शिक्षिका होती. म्हणजे 'ग्रँचेस्टर मेडोज'मधलं ते शांत कुरण एका बापाविना वाढलेल्या पोराचं आहे. हे मला माहीत होतं, पण आजवर ते गाणं ऐकताना मनात आलं नव्हतं.

काका, ग्रँचेस्टरमध्ये सफरचंदाच्या बागेत एक चहाची जागा आहे, १८९७ पासूनची. झाडांखाली कापडी आरामखुर्च्या असतात. काकूंना तिथे बसवा आणि तुम्ही वरच्या शेताकडे जा. चंडोलासाठी निदान अर्धा तास द्या. वारा पडलेला हवा.

सुहास_सातारा

मंडळी, परत आलो. काल रात्री साताऱ्यात पोचलो, झोप लागत नाही म्हणून लिहितोय.

ईलीला पाऊस होता. स्टंटनीच्या रस्त्यावर आम्ही एका छत्रीत उभे होतो, आणि कॅथेड्रल दिसत नव्हतं. वीस मिनिटांनी आधी बुरूज दिसला, मग खालचं सगळं. सौ.ने शेताच्या कडेची माती हातात घेतली आणि म्हणाली, "ही राख आहे." लाँग रोडच्या पुलावर मी एकटाच गेलो. खालून लंडनची गाडी गेली. शाळा सुटली होती, पोरं सायकली हाणत होती, घंटी वाजवून मला बाजूला करत होती. मी तिथे आईसाठी थोडा वेळ थांबलो. एवढंच करायचं होतं.

ग्रँचेस्टरला शेवटच्या दिवशी गेलो. सौ. बागेत चहा घेत बसली. मी गव्हाच्या बांधावर. साडेचार वाजता वारा पडला आणि पाच-दहा मिनिटांनी तो सुरू झाला. दिसला नाही. मान दुखेपर्यंत वर बघत होतो. आवाज मात्र तोच, १९८८ चा, मधे एक क्षणही श्वास न घेणारा.

मी म्हापशाला फोन लावला. तिकडे रात्रीचे सव्वानऊ झाले असतील. काही न बोलता फोन आभाळाकडे धरला, हात अवघडेपर्यंत. मग कानाला लावला. पलीकडे तो गप्प होता. त्याचा थोरला भाऊ, ज्याने ती कॅसेट भरली होती, तो मागच्याच पावसाळ्यात गेला. बऱ्याच वेळाने त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "आणि माशी?"